पोराचा पलंग, वसईचा पाऊस आणि सासूबाईंचा सागवान

वाचकाचं पत्र:

नमस्कार ताई, आम्ही वसईला पहिल्या मजल्यावर वन बीएचकेमध्ये राहतो. मुलगा साडेचार वर्षांचा, अजून आमच्या दोघांच्या मध्ये झोपतो आणि रात्रभर लाथा मारतो, म्हणून आता त्याला वेगळा बेड घ्यायचाय. बेडरूम १० बाय १०, त्यात आमचा सहा फुटी बॉक्स बेड आणि एक कपाट. हॉलमध्ये तीन सीटर सोफा आणि टीव्ही. पावसाळ्यात घर फार दमट होतं. आमच्या बेडच्या बॉक्समधून कुबट वास येतो, गेल्या वर्षी आतल्या गोधड्या आणि स्वेटरवर बुरशी आली, आणि पोरगा सकाळी उठला की शिंकतो. मिस्टर म्हणतात हायड्रॉलिक स्टोरेजवालाच घेऊ, तेवढीच जागा होईल. दुकानदाराने बंक बेड दाखवला, म्हणे पुढे दुसरं झालं तरी चालेल. पोराला गाडीच्या आकाराचा लाल बेड पाहिजे. आणि सासूबाई म्हणतात गावी राजापूरला सासऱ्यांचा सागवानी पलंग पडून आहे तो न्या, कशाला पैसे घालवता. त्या वर्षातून दोन-तीन महिने आमच्याकडे असतात. बजेट १५ हजार. काय करू?

उत्तर:

ताई, आधीच सांगून टाकते, मी सासूबाईंच्या बाजूची आहे. हे वाचून तुमचा चेहरा कसा झाला असेल ते मला दिसतंय, पण पूर्ण वाचा, कारण त्यात अटी आहेत आणि त्या अटी तुम्ही सासूबाईंना सांगायच्या आहेत, मी नाही.

तुम्ही एका पत्रात दोन प्रश्न विचारलेत. एक म्हणजे बेड कुठला, आणि दुसरा म्हणजे घरातली ओल. दुकानात गेल्यावर फक्त पहिल्याचं उत्तर मिळतं, आणि तेही जो बेड गोडाऊनला पडून आहे त्याचंच. वसई-विरार, मुंबई, ठाणे, सगळ्या कोकणपट्टीत जुलै-ऑगस्टला हवेतली आर्द्रता ८०-९० टक्क्यांवर बसलेली असते, आणि अशा हवेत बेड निवडताना पहिला प्रश्न डिझाईनचा नाहीच, त्याच्या खालून हवा खेळते की नाही हा आहे. झोपलेल्या माणसाच्या अंगातून रात्रभर घाम आणि वाफ निघते, ती गादीतून खाली उतरते, खाली बंद पेटी असली की तिथेच अडकते. तुमच्या गोधड्यांना बुरशी आली ती याच्यातून. तुम्ही काही स्वच्छता कमी ठेवली म्हणून नाही.

म्हणून मिस्टरांचा हायड्रॉलिक आधी बाद करते. एक बंद पेटी कुबट झालीय तर तिच्या शेजारी दुसरी बंद पेटी आणायची, आणि तीही नेमकी शिंकणाऱ्या पोराच्या नाकाखाली, याला काही अर्थ नाही. शिवाय तुमच्या बजेटमधले बरेचसे स्टोरेज बेड पार्टिकल बोर्डचे येतात, वरून सनमायकासारखी छान फिनिश असते आणि आत दाबलेला भुसा. एकदा का पाणी लागलं, म्हणजे फरशी पुसताना रोज खालच्या कडेला लागतंच, की ती कड फुगते आणि परत बसत नाही, मग स्क्रू धरत नाहीत. दुकानदार 'वॉटरप्रूफ आहे मॅडम' म्हणाला तर कशाचा आहे ते विचारा. प्लाय असेल तर शीटवर आयएसआयचा शिक्का असतो आणि त्यात आकडा असतो. आयएस ३०३ म्हणजे साधा प्लाय, त्यात एमआर आणि त्याच्या वरचा बीडब्ल्यूआर (उकळतं पाणीही सोसणारा) असे ग्रेड येतात, आणि आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय. एमआर म्हणजे दमट हवा सोसेल इतकंच, भिजलेलं सोसेल असं नाही. पण मरीन प्लायची पेटी केली तरी आतली हवा कोंदटच राहणार, लाकूड टिकेल आणि गोधड्या कुजतील.

बंक बेडचं तर मला आश्चर्यच वाटतं, साडेचार वर्षांच्या पोरासाठी दाखवतात कसा हा माणूस. वरच्या बंकवर सहा वर्षांच्या आतलं मूल झोपवायचं नाही हा जगभर पाळला जाणारा नियम आहे. आणि आपल्याकडे त्यात अजून एक भानगड असते जी त्या परदेशी फोटोंमध्ये दिसत नाही, ती म्हणजे सिलिंग फॅन. तुमच्या खोलीचा हिशोब करून बघा. खोली १० फूट, फॅन मधोमध, म्हणजे भिंतीपासून ५ फुटांवर. नेहमीचा फॅन ४८ इंची, म्हणजे पातं मध्यापासून २ फूट बाहेर येतं. राहिले ३ फूट. बंक बेडची रुंदी तेवढीच, ३ फूट. म्हणजे बेडची कड जिथे संपते तिथेच पात्याचं टोक फिरतंय. आता उंची बघा, वरची गादी ५ फुटांच्या आसपास येते, पोरगं उठून बसलं की अजून २ फूट, आणि हात वर केला की एक फूट, झाले ८. स्लॅब ९ फुटांवर असेल तर फॅनची पाती साधारण तिथेच असतात. पोरगं उभं राहिलं तर काय होईल ते मला लिहायचं नाहीये. दुसऱ्या बाळाचं ते झाल्यावर बघू, दुकानदाराने आत्तापासून प्लॅनिंग करायची गरज नाही.

लाल गाडी. हा बेड पोराला आत्ता प्रचंड आवडेल आणि पहिलीत गेल्यावर मित्रांसमोर लाज वाटेल. त्यातल्या बऱ्याच गाड्या लांबीला आखूड असतात, म्हणजे साधी ७२ बाय ३६ ची गादी बसत नाही, त्यांचीच गादी घ्यावी लागते, त्यांच्याच साइजच्या चादरी शोधत बसा. आणि चारी बाजूंनी एमडीएफच्या, म्हणजे दाबलेल्या लाकडी लगद्याच्या भिंती, खाली हवा शून्य. पोराला गाडीची चादर घेऊन द्या, त्याला तेवढं पुरतं, मुलांना बेड काय लाकडाचा आहे याच्याशी देणंघेणं नसतं.

आता पलंगाकडे येऊ. कोकणातल्या घरातले जुने पलंग पायांवर उभे असतात, खालून सगळं मोकळं, वर आडव्या फळ्या आणि फळ्यांमध्ये फट. तिकडे पाऊस तुमच्यापेक्षा जास्तच पडतो, आणि लोकांनी तिकडे राहून राहूनच पलंग असा केलाय. आज तुम्ही नवीन घ्यायला गेलात तरी मी तुम्हाला हेच सांगितलं असतं, पूर्ण लांबीचा सिंगल बेड, उघडे पाय, खालून झाडू आणि पोछा सहज जाईल एवढी जागा, वर पट्ट्या आणि पट्ट्यांमध्ये दोन-अडीच इंच अंतर. सागाला वाळवीही सहसा लागत नाही. हेच नवीन सागात करायला गेलात तर १५ हजारात नुसते पाय होतील.

पण बेडरूममध्ये तो बसत नाही! टेप घ्या आणि बघा. १० फूट म्हणजे १२० इंच. तुमचा बेड ७२, जुना पलंग कमीत कमी ३६, झाले १०८, राहिले १२ इंच, त्यातून तुम्ही कपाटापर्यंत जाणार कशा? नवीन ३० इंची घेतलात तरी १८ इंच उरतात, म्हणजे आडवं होऊन चालायचं आणि कपाटाचं दार अर्धंच उघडायचं. खरं सांगायचं तर त्या बेडरूममध्ये दुसरा बेड कुठलाच नीट बसत नाही, आणि म्हणूनच हे बंक आणि फोल्डिंगचे उद्योग सुचतात सगळ्यांना.

माझं म्हणणं, सोफा काढा. तीन सीटर सोफा साधारण साडेसहा बाय पावणेतीन-तीन फूट जागा खातो, म्हणजे एका सिंगल पलंगाएवढीच, आणि त्याच्यावर धड झोपताही येत नाही, वर फोम आणि रेक्झिन म्हणजे पावसाळ्यात अजून एक ओल धरणारी वस्तू. त्याच्या जागी सागवानी पलंग दिवाण म्हणून टाका, दिवसा मागे दोन लोड आणि तक्के, पाहुणे आले की बसतील, रात्री लोड खाली ठेवले की पोराचा बेड. सासूबाई आल्या की त्या पलंगावर आणि पोरगं त्यांच्याशेजारी खाली गादी टाकून, ते दोघं खूशच होतील, तुम्हाला विचारणार पण नाहीत.

याचा तोटाही सांगते, तो म्हणजे टीव्ही. पोरगं हॉलमध्ये झोपणार म्हणजे साडेनऊला टीव्ही बंद, मॅच असली तरी. हे मिस्टरांना झेपणार आहे का ते आधी विचारा, कारण पलंग आणून सोफा विकून झाल्यावर 'आवाज कमी ठेवतो ना' सुरू झालं तर पोरगं परत तुमच्या मध्ये येऊन झोपणार हे नक्की. बेडरूमचं दार उघडं ठेवा, एक छोटा नाइट लॅम्प, मेन डोअरची वरची कडी लावलेली. बाल्कनीचं दारही वरून बंद पाहिजे. पहिले काही दिवस तो मध्यरात्री उशी घेऊन येईलच, येऊ दे.

आता अटी. पलंग गावाहून निघायच्या आधी तिथे कुणाला तरी नीट बघायला सांगा, व्हिडिओ कॉलवर तुम्ही पण बघा. पहिली गोष्ट ढेकूण. पाय आणि बाजूच्या पाट्या जिथे एकमेकांत बसतात त्या खाचा, फळ्यांच्या खालच्या भेगा, तिथे टॉर्च मारून काळे बारीक ठिपके किंवा सालपटं दिसतात का बघायचं. दिसली तर तिकडेच पेस्ट कंट्रोल करून मगच आणायचा. नुसतं उन्हात टाकल्याने ढेकूण जात नाहीत, सांध्यात आत जाऊन बसतात आणि तुमच्या वन बीएचकेमध्ये एकदा शिरले की गाद्या, स्विचबोर्ड, सगळीकडे होतात. दुसरं, खाली पिवळट भुसा पडलेला आहे का. पाय-पाट्या सागाच्या असल्या तरी मधल्या फळ्या कधीकधी दुसऱ्याच साध्या लाकडाच्या घातलेल्या असतात आणि कीड तिथे लागते. फळ्या बदलणं सोपं आहे, वसईतला कुठलाही सुतार पाइन किंवा रबरवुडच्या पट्ट्या मापाने कापून देईल. पट्ट्याच टाका, वर अख्खा प्लाय ठोकून घेऊ नका, आणि सुतार म्हणालाच की 'प्लायशिवाय गादी लवेल' तर प्लायला दर सहा-सात इंचांवर इंचभर व्यासाची भोकं पाडायला सांगा.

तिसरी अट महत्त्वाची आहे, पलंगाला ऑइल पेंट आहे की पॉलिश? नुसतं पॉलिश असेल तर काही प्रश्न नाही. पण गावाकडे बऱ्याच जणांनी मधल्या काळात पलंगांना चॉकलेटी किंवा हिरवा ऑइल पेंट फासलेला असतो, आणि जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असायचं. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाखात ९० भागांच्या) वर नको हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्याच्या आधीच्या रंगाचा भरवसा नाही. रंगाचे पोपडे निघत असतील तर ते काम पोराच्या आसपास करायचं नाही, घरात सॅंड पेपर घासायचा नाही, त्याची धूळच वाईट. गावीच अंगणापासून लांब, ओलं करून खरवडून घ्यायचं, करणाऱ्याने मास्क लावायचा आणि खरवड गोळा करून टाकायची, आणि मुलांनी तिकडे फिरकायचं नाही. पेंट खूपच जाड असेल तर मी म्हणेन राहू दे तो पलंग तिकडेच.

उंचीवरून थोडा वाद होईल. जुने पलंग दीड फूट किंवा जास्तच उंच असतात आणि तुम्हाला वाटेल पाय कापून घेऊ. नका कापू. एक तर सासऱ्यांचा पलंग आहे, आणि दुसरं म्हणजे सासूबाईंच्या गुडघ्यांना तीच उंची बरी, खालच्या बेडवरून उठताना त्यांना हात द्यावा लागेल. पोरासाठी उघड्या बाजूला काढता-घालता येणारं रेलिंग लावा, गादीच्या वर निदान ५ इंच येईल असं, आणि पहिले काही महिने खाली एक जुनी गादी किंवा सतरंजीची जाड घडी टाकून ठेवा. रेलिंग आणि गादी यांच्यात मूल अडकेल अशी फट नको. डोक्याकडच्या नक्षीत मोकळ्या जागा असतील तर त्या पण मोजा, साडेतीन इंचांपेक्षा मोठी फट असेल तर मागून पट्टी मारून घ्या, डोकं अडकतं.

भिंतीचंही असंच आहे. सगळे सांगतात बेड भिंतीपासून तीन-चार इंच लांब ठेवा म्हणजे हवा लागते, मोठ्यांच्या बेडला ते बरोबर आहे, पण लहान मूल त्याच तीन-चार इंचात सरकून अडकू शकतं. म्हणून पलंग आतल्या भिंतीला लावा, म्हणजे जिच्या पलीकडे स्वयंपाकघर किंवा बेडरूम आहे तिला, बाथरूमच्या भिंतीला नाही, आणि अगदी चिकटवून. आपल्याकडचा पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे पश्चिम आणि दक्षिणेच्या बाहेरच्या भिंती जास्त भिजतात, तिकडे पोपडे आधी येतात. भिंत ओली आहे की नुसती घरातली हवा दमट आहे हे कळायला सोपी युक्ती आहे. फूटभर चौकोनी प्लास्टिकचा कागद भिंतीवर चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि दोन दिवस राहू द्या. भिंतीकडच्या बाजूला पाणी जमलं तर ओल भिंतीतून येतेय, मग सोसायटीच्या मागे लागा, बेड बदलून काही होणार नाही. बाहेरच्या बाजूला दव आलं तर हवेचा प्रॉब्लेम आहे.

आणि हवेचा असेल तर बेडरूममध्ये दोरीवर कपडे वाळत घालता का? घालत असणारच, पावसात दुसरीकडे जागा कुठे. पण त्या कपड्यांतलं सगळं पाणी त्याच खोलीच्या हवेत जातं. मशीनमध्ये स्पिन दोनदा करा आणि स्टँड बाल्कनीच्या दाराजवळ किंवा एक्झॉस्ट चालू ठेवून बाथरूममध्ये न्या, फरक पडतो. तीन-चारशे रुपयांत छोटा डिजिटल आर्द्रतेचा मीटर मिळतो, तो ठेवून बघा. गादीत आणि धुळीत राहणारे ते बारीक डस्ट माइट ५० टक्क्यांच्या वर आर्द्रता असली की वाढतात, आणि वसईत पावसाळ्यात ५० च्या खाली येणं एसीशिवाय कठीणच, म्हणून चादरी-अभ्रे आठवड्याला एकदा मशीनच्या ६० डिग्रीच्या प्रोग्रामवर धुवा. शिंका पावसाळा संपल्यावरही राहिल्या, किंवा रात्री खोकला-दम लागायला लागला तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवा, ते माझं काम नाही.

गादी. कापसाची चार इंची गादी मला मुलांसाठी आवडते, एकट्या बाईला उचलता येते, गच्चीत टाकता येते, दोन-तीन वर्षांनी पिंजून नवी करता येते. पण तिला ऊन लागतं, ते नसेल तर ती जड आणि गचगचीत होते. तुमच्या सोसायटीची गच्ची उघडी असते का? असेल तर मे महिन्यात आणि परत ऑक्टोबरच्या कडक उन्हात दोन्ही बाजूंनी चांगली तापवा. गच्चीला कुलूप असेल तर चेन लावलेल्या कव्हरची, रबराइज्ड कॉयरची, म्हणजे रबर लावलेल्या काथ्याची घ्या, तिच्यातून हवा जाते. मेमरी फोम नको, वसईत त्यावर पोरगं नुसतं घामाघूम होईल. आणि कृपा करून नव्या गादीवरचं प्लास्टिक काढा!! लोक वर्षानुवर्षं 'खराब होईल' म्हणून तसंच ठेवतात आणि आत पाणी सुटतं. या वयात रात्री कधीतरी ओलं होणारच, त्यासाठी रेक्झिन नको, टॉवेलसारख्या कापडाचा आतून लॅमिनेशन असलेला प्रोटेक्टर मिळतो, दोन घ्या, एक धुतलेला एक घातलेला.

तुमच्या आत्ताच्या बॉक्स बेडचंही काम आहेच. रिकामा करा, आतून साबणाच्या पाण्याने पुसून टेबलफॅन लावून पूर्ण कोरडा करा, वरच्या प्लायला मघाशी सांगितली तशी भोकं पाडून घ्या, आणि बाजूच्या फळीला एक-दोन जाळ्या बसवून घ्या. गच्च भरू नका. गोधड्या-स्वेटर उन्हात तापवून, गार झाल्यावर, पत्र्याच्या ट्रंकेत किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. आणि डांबर गोळ्या टाकू नका, त्यातलं नॅप्थलीन मुलांना चांगलं नाही, जी६पीडी नावाच्या एन्झाइमची कमतरता असलेल्या मुलांमध्ये तर त्याने रक्तातल्या लाल पेशी फुटतात, आणि गोळी पेपरमिंटसारखी दिसते. ते ओल शोषणारे डबे मिळतात ते चालतील, पण त्यात साठलेलं पाणी पोराच्या हाताला लागता कामा नये.

समजा पलंग किडका निघाला किंवा पेंटवाला निघाला, तर सरळ लोखंडी घ्या. जवळच्या फॅब्रिकेटरकडून चौकोनी पाइपचा ३६ बाय ७२ चा, पावडर कोटिंग करून, १५ हजारच्या आत बसेल आणि गादीला पैसे उरतील. वसईची हवा खारी, गंज वेल्डिंगच्या जोडापासून सुरू होतो, म्हणून जोड घासून गुळगुळीत केलेत आणि त्यावर कोटिंग नीट बसलंय ना ते बोट फिरवून बघा. पाइपच्या तोंडांना प्लास्टिकची टोपणं असलीच पाहिजेत, नाहीतर आत झुरळांची वसाहत होते.

आणि हे सगळं आत्ता भर पावसात काढू नका. या दिवसात लाकूड फुगलेलं असतं, पॉलिश मारलं की पांढरट पडतं, आणि टेम्पोत पलंग भिजत येईल तो वेगळाच. ऑक्टोबरमध्ये आणा, पलंग सुटा होतो, राजापूरहून मुंबईकडे येणाऱ्या एखाद्या टेम्पोत सहज बसेल. तोपर्यंत पोराला तुमच्या बेडशेजारी खाली झोपवायचं असेल तर फरशीवर आधी चटई, मग गादी, आणि सकाळी उठल्या उठल्या गादी भिंतीला उभी करून ठेवायची, दिवसभर तशीच पसरून ठेवली तर आठवड्याभरात खालून काळे डाग येतील.

सोफा विकायला मात्र आत्तापासूनच टाका, दिवाळीच्या आधी लोक नवीन घेतात आणि मग जुन्याला कोणी विचारत नाही.